पित्ताशयाचं ऑपरेशन झालंय? चालायला लवकर लागा, उचलायला उशिरा

दुर्बिणीतून पित्ताशय काढलं की बहुतेक लोक दुसऱ्या दिवशी घरी येतात, काही तर त्याच संध्याकाळी. पोटावर चार छोट्या पट्ट्या असतात. आठवड्याभरात दुखणं ओसरतं, भूक लागायला लागते आणि मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, "पोटाचं ऑपरेशन आहे, तीन महिने जागचं हलायचं नाही." दुसरा म्हणतो, "एवढीशी तर भोकं आहेत, सोमवारपासून जिमला जा." पेशंट बिचारा मध्येच.

तीन महिने हलू नको म्हणणारी मंडळी अगदीच चुकीचं बोलत नसतात, त्यांचा काळ वेगळा होता एवढंच. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं पहिलं ऑपरेशन डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केलं. त्याआधी उजव्या बरगड्यांखाली चांगला वीतभर छेद घ्यायचे, स्नायू कापायचे, आणि पेशंट आठवडाभर दवाखान्यात असायचा. ज्यांनी आईला किंवा मामाला त्या अवस्थेत पाहिलंय, त्यांना आजही पित्ताशय म्हटलं की तेच आठवतं.

आज कापाकापी कमी असली तरी एक गोष्ट बदललेली नाही. पोटाच्या भिंतीत कातडीखाली चरबी आणि त्याखाली एक चिवट पांढरा पडदा असतो. पोटातलं सगळं आत धरून ठेवण्याचं काम हा पडदा करतो. कातडी दहा-बारा दिवसांत जुळून येते आणि आपल्याला वाटतं, झालं बरं. पडदा मात्र सावकाश भरतो. भरत आलेल्या जखमेला मूळच्या साधारण ८० टक्के ताकद यायला तीन महिने लागतात आणि पुढेही ती पूर्ण पहिल्यासारखी होत नाही. दुखणं थांबणं आणि पडदा सांधणं यांच्यामध्ये जो काळ जातो, त्यातच माणसं घोटाळा करतात. पुढचं सगळं वेळापत्रक या पडद्याकडे बघून लिहिलं आहे. तुमच्या सर्जनने वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, कारण तुमचं पोट आतून त्यांनी पाहिलंय.

डिस्चार्ज घेण्याआधी विचारून घ्या

डिस्चार्ज कार्डावर "जड काम टाळा" एवढंच लिहिलेलं असतं. जड म्हणजे किती आणि कधीपर्यंत, हे आपणच विचारायचं.

पहिला प्रश्न: ऑपरेशन दुर्बिणीतून पूर्ण झालं, की मध्येच पोट उघडावं लागलं? सूज फार असली तर सर्जन उघडून करतात. ती चूक नसते, शहाणपणा असतो. पण मग वेळापत्रक बरंच लांबतं.

दुसरा प्रश्न: पित्ताशयाची पिशवी कुठल्या भोकातून बाहेर काढली, त्यासाठी ते मोठं करावं लागलं का, आणि आत पडद्याला टाका घातलाय का? साधारणपणे चार भोकं असतात. बेंबीपाशी दहा-बारा मिलिमीटरचं, छातीच्या हाडाखाली एक, आणि उजव्या बाजूला पाच-पाच मिलिमीटरची दोन. उजवीकडच्या दोघांची फारशी काळजी नसते. पुढे हर्निया, म्हणजे पडद्याच्या कमजोर जागेतून आतला भाग बाहेर डोकावणं, व्हायचाच तर तो बहुधा बेंबीच्या भोकातून होतो, कारण तिथला पडदा मुळातच नाजूक असतो आणि खड्यांनी भरलेली पिशवी अनेकदा तिथूनच ओढून काढलेली असते. बेंबीचा छोटा हर्निया आधीपासून असेल आणि त्याच वेळी दुरुस्त केला असेल, तर उचलण्याचे नियम आणखी कडक होतात.

तिसरा प्रश्न ज्यांच्या पित्तनलिकेत खडा होता त्यांच्यासाठी: आत स्टेंट, म्हणजे नलिका उघडी ठेवणारी बारीक नळी, ठेवलाय का, आणि तो कधी काढायचा? प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांच्या आत काढावा किंवा बदलावा लागतो. पेशंटला बरं वाटत असतं, गावाहून परत यायचा कंटाळा येतो आणि स्टेंट आतच राहतो. तो तुंबला की कावीळ आणि थंडीताप. फोनमध्ये तारखेचा गजर लावून ठेवा.

चौथा: बायोप्सीचा रिपोर्ट. काढलेली पिशवी तपासायला पाठवतात. रिपोर्ट जवळपास नेहमी साधाच येतो, पण तो हातात घेऊन वाचून घ्यायचा असतो. टाके काढायला गेलात की मागून घ्या.

पहिले दोन दिवस: खांदा का दुखतो?

ऑपरेशन पोटाचं आणि कळ उजव्या खांद्यात! पुष्कळजण घाबरतात, कुणाला हार्टची शंका येते. दुर्बिणीसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. त्यातला थोडा आत उरतो आणि छाती-पोटामधल्या पडद्याला टोचतो. त्या पडद्याची नस मानेतून येते, म्हणून दुखणं खांद्यावर जाणवतं. दोन-तीन दिवसांत शरीर तो वायू शोषून घेतं. थोडं चालणं, उशीला टेकून अर्धवट बसणं आणि डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी एवढं पुरतं. छातीत दडपण, घाम किंवा धाप लागत असेल तर मात्र "गॅस असेल" म्हणून बसून राहू नका.

भूल उतरल्यावर, नर्सने हो म्हटलं की, चार-सहा तासांत उठून उभं राहायचं. कुणाचा तरी हात धरून बाथरूमपर्यंत जाऊन यायचं. पडल्या पडल्या पावलं वर-खाली हलवत राहायची, तासाला दहा-वीस वेळा, म्हणजे पोटऱ्यांत रक्त साकळत नाही. दर तासाला पाच-सहा दीर्घ श्वास घ्या. पोट दुखतं म्हणून आपण वरवर श्वास घेतो आणि मग छातीत कफ साठतो.

खोकला आला तर पोटावर उशी दाबून धरा आणि मग खोका. उठताना सरळ उठून बसू नका. आधी कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा आणि कोपर-तळहाताने रेटा देत वर या. ही पद्धत सहा आठवडे सोडू नका, कारण पाठीवरून सरळ उठणं म्हणजे नकळत काढलेलं सिट-अपच.

घरी पहिला आठवडा

व्यायाम एकच: चालणं. एकदम अर्धा तास नाही. पाच-दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, घरात किंवा सोसायटीच्या सपाट आवारात. जिना चढायला बंदी नाही, कठडा धरून सावकाश चढा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक गळून गेल्यासारखं होतं. भुलीचा अंमल, कमी खाणं, तुटक झोप यांचा तो हिशेब असतो. त्या दिवशी कमी चाला, पण दिवसभर पलंगावर पडून राहू नका.

कपड्यांचं कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. परकराची नाडी आणि पँटचा पट्टा नेमका बेंबीच्या जखमेवर घासतो. दोन आठवडे गाऊन, सैल कुर्ता किंवा ढिल्या इलॅस्टिकची पायजमा वापरा. अनेकजण पोटाचा पट्टा आणतात. चालताना त्याने आधार वाटतो, वापरायला हरकत नाही. पण पट्टा बांधला म्हणजे वजन उचलायला मोकळे झालो असं अजिबात नाही. त्याने हर्निया थांबत नाही.

आंघोळ कधी, हे ड्रेसिंगवर ठरतं. पाणी न शिरणारी पट्टी असेल तर बहुतेक सर्जन एक-दोन दिवसांतच परवानगी देतात. जखम चोळायची नाही, टिपून कोरडी करायची. बेंबीत पाणी राहू देऊ नका. हळद, खोबरेल, घरची मलमं जखमेपासून लांब.

खाण्याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. आपल्याकडे पेशंटला पंधरा पंधरा दिवस पेज आणि मऊ भातावर ठेवतात. पहिले दोन दिवस ठीक आहे. पण जखम भरायला प्रथिनं लागतात आणि पेजेत ती नावालाच असतात. मुगाचं घट्ट वरण, ताक, दही, उकडलेलं अंडं, खात असाल तर कमी तेलातले मासे, हे तिसऱ्या दिवसापासून थोडं थोडं सुरू करा. तळण आणि तेलाचा तवंग असलेली रस्साभाजी टाळा. भेटायला येणारे डिंकाचे लाडू आणतील. आभार माना आणि डबा घरच्यांना द्या.

सगळ्यांत दुर्लक्ष होतं ते बद्धकोष्ठाकडे. ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी पोट साफ होत नाही, वर पाणी कमी प्यालेलं. मग माणूस कुंथतो. दोन किलोची पिशवी उचलायला घाबरणारा पेशंट संडासात जोर करतो, तेव्हा पडद्यावर त्याहून कितीतरी जास्त ताण येत असतो. जोरदार खोकल्याचंही तेच. म्हणून पाणी, पपई, इसबगोल, आणि गरज पडली तर डॉक्टरांना विचारून सौम्य रेचक. तंबाखू-सिगारेट ओढणाऱ्यांसाठी बंद करायला याहून चांगला मुहूर्त नाही. सिगारेटने खोकला वाढतो आणि जखमेचा रक्तपुरवठा कमी होतो.

मधुमेह असेल तर आणखी एक खबरदारी. खाणं निम्म्यावर आलेलं आणि गोळ्या किंवा इन्सुलिन पूर्वीइतकंच असेल, तर चालताना साखर घसरू शकते. डोस कमी करायचा का, हे डॉक्टरांना विचारा आणि चालताना खिशात खडीसाखर ठेवा.

दुसरा आणि तिसरा आठवडा: घरकाम हाच खरा धोका

चालणं वाढवत न्या. दुसऱ्या आठवड्यात पंधरा-वीस मिनिटं दोनदा, तिसऱ्यात सलग अर्धा तास. वेग एवढाच ठेवा की चालताना गप्पा मारता आल्या पाहिजेत. बैठं काम असणारे बहुतेक लोक एक-दोन आठवड्यांत कामावर जातात. लोकलच्या गर्दीत पोटावर कोपर बसतं, तेव्हा जमलं तर पहिले काही दिवस गर्दीची वेळ टाळा.

इथे एक विसंगती आहे. ऑफिसला जाणारा पुरुष महिनाभर जिम बंद ठेवतो आणि त्याचं कौतुक होतं. घर चालवणारी बाई मात्र दहाव्या दिवशी बादली उचलते आणि तिला कुणी व्यायाम म्हणत नाही. पडद्याला डंबेल आणि बादली यांतला फरक कळत नाही. चार ते सहा आठवडे पाच किलोच्या वर उचलायचं नाही असा सर्वसाधारण दंडक आहे. काही सर्जन कमी मुदत सांगतात, काही जास्त. हा दंडक घरात लावून बघू.

डाळ-भाताने भरलेला पाच लिटरचा कुकर पाच किलोच्या आसपास जातो. पंधरा लिटरची बादली पंधरा किलोची, तीही वाकून उचलायची. पाण्याचा मोठा जार वीस किलोचा. वर्षाचं मूल नऊ-दहा किलोचं. घरगुती सिलिंडरमध्ये गॅसच १४.२ किलो असतो, टाकीसकट वजन तीस किलोच्या घरात जातं. सिलिंडर तिरका करून फिरवत नेणं हेसुद्धा उचलण्यातच धरा. गव्हाचं पोतं, ओल्या चादरींची बालदी, पाण्याचा हंडा, गादीखालचा दिवाण उघडणं, लोखंडी कपाट सरकवणं, सगळं सहा आठवडे बंद. घरातल्या इतरांना ही यादी वाचून दाखवा. पेशंटने एकट्याने पाठ करून काही होत नाही.

लहान मूल असेल तर त्याला उचलून घेण्याऐवजी तुम्ही बसा आणि कुणाला तरी ते मांडीवर द्यायला सांगा. झाडू उभ्याने मारता येतो. बसून फरशी पुसणं मात्र नको. भारतीय पद्धतीचा संडास वापरायला हरकत नाही, फक्त उठताना भिंतीचा किंवा नळाच्या पाइपचा आधार नको, पक्क्या कड्याचा घ्या.

गाडीचं काय? चारचाकी आठवड्या-दोन आठवड्यांनी, तेही झोप आणणाऱ्या गोळ्या बंद झाल्यावर. उभ्या गाडीत बसून अचानक ब्रेक दाबून बघा. पोटात कळ आली तर अजून थांबा. दुचाकीला दोन आठवडे तरी द्या, खड्डे बघता जास्तच. गाडी मेन स्टँडवर लावणं आणि किक मारणं सहा आठवड्यांनंतर. गावी एसटीने जायचं असेल तर मागची सीट टाळा, आणि थांबा आला की खाली उतरून पाय मोकळे करा.

चौथा ते सहावा आठवडा: घाम येऊ द्या, पोटावर जोर नको

जखमा पूर्ण कोरड्या असतील, कुठे खपली किंवा स्राव नसेल, तर आता खऱ्या अर्थाने व्यायामाकडे वळता येतं. जागेवरची सायकल, भरभर चालणं, हलका चढ. ज्यांना धावायची सवय होती त्यांनी एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं असं वीस मिनिटांपर्यंत करून बघावं. धावताना बेंबीपाशी ओढ बसली तर आणखी आठवडाभर चालण्यावरच राहा. पोहायला याच सुमारास हरकत नसते, पण स्वच्छ तलावात. विहीर, नदी, धरणाचं पाणी याला अजून थोडा वेळ द्या.

जिममध्ये पायांची आणि हातांची हलकी यंत्रं, बसून, पूर्वीच्या निम्म्याहून कमी वजनात. उचलताना श्वास रोखायचा नाही. जोर लावताना श्वास सोडायचा. श्वास कोंडून जोर लावला की पोटातला दाब एकदम वाढतो आणि तो नेमका नव्या टाक्यावर जातो. ट्रेनरला ऑपरेशनबद्दल पहिल्याच दिवशी सांगा. "कोअर मजबूत करू, म्हणजे लवकर बरं वाटेल" असं म्हणून तो क्रंचेस द्यायला लागला तर नम्रपणे नाही म्हणा.

योगासनं करणाऱ्यांनी इथे सर्वांत जास्त सावध राहावं, कारण योग म्हणजे सौम्य असं आपण धरून चालतो. अनुलोम-विलोम, भ्रामरी, शवासन पहिल्या आठवड्यातही चालतं. बसून हात वर नेणं, मान-खांदे फिरवणं तिसऱ्या आठवड्यापासून. कपालभाती, भस्त्रिका, अग्निसार, नौली मात्र थेट पोटाच्या भिंतीला हिसके देणाऱ्या क्रिया आहेत. "कपालभातीने पचन सुधारेल" म्हणून पंधराव्या दिवशी सुरू करणारे लोक आहेत. माझ्या मते आठ आठवड्यांच्या आत तिचं नावही काढू नये, आणि नंतरही मंद गतीने सुरुवात करावी.

सहा आठवड्यांनंतर

सर्जनला एकदा दाखवून घ्या, उभं राहून आणि खोकून. बेंबीपाशी फुगवटा नसेल तर पोटाचे स्नायू जागे करायला सुरुवात. क्रम असा ठेवा: मार्जारासन, मग गुडघे दुमडून सेतुबंधासन, मग गुडघ्यांवरचा प्लँक दहा-पंधरा सेकंद, मग भुजंगासन, कारण त्यात पोट ताणलं जातं. सूर्यनमस्कार दोनपासून सुरू करा, उडी न मारता एकेक पाय मागे नेत. नौकासन, धनुरासन, लटकून पाय वर घेणं हे सगळ्यात शेवटी.

दोन कसोट्या लावत राहा. एक म्हणजे व्यायाम करताना पोटाकडे बघणं. मधल्या रेषेवर किंवा बेंबीपाशी उंचवटा उठत असेल तर तो व्यायाम तुमच्यासाठी अजून जड आहे. दुसरी म्हणजे दुसऱ्या दिवशीची सकाळ. स्नायू भरून आले तर चालतील, पण जखमेच्या जागी टोचणारी कळ कालच्यापेक्षा वाढली असेल तर एक पायरी मागे या. वेदनाशामक गोळी घेऊन व्यायामाला जाऊ नका, या दोन्ही कसोट्या बाद होतात.

जड वजनं, म्हणजे डेडलिफ्ट, बारबेलचं स्क्वॉट, आणि कबड्डी, कुस्ती, वेगवान गोलंदाजी हे आठ ते बारा आठवड्यांच्या टप्प्यात. पूर्वीच्या निम्म्या वजनापासून, आठवड्याला साधारण दहा टक्क्यांनी वर. आधी शंभर किलो उचलत होतो म्हणून ऐंशीपासून सुरू करणारा माणूस बहुधा पस्तिशीच्या आतला असतो.

ट्रेकवाल्यांना घाई फार. पर्वतीच्या पायऱ्या चौथ्या-पाचव्या आठवड्यात सावकाश चढता येतात. सिंहगड सहा आठवड्यांनी, पाठीवर पाण्याची बाटली सोडून काही न घेता. सॅकचा कमरेचा पट्टा बेंबीवर येतो का ते आधी घरी बांधून बघा. मुक्कामाची दहा-बारा किलोची सॅक आणि दोर धरून चढायचे टप्पे तीन महिन्यांनंतर.

पिशवी गेल्यावर व्यायाम आणि पोट यांचं कसं जमवायचं

यकृत रोज अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. पित्ताशयात त्यातलं तीस-पन्नास मिलिलिटर घट्ट करून साठवलेलं असायचं आणि तेलकट खाल्लं की एकदम सुटायचं. आता ते दिवसभर थोडं थोडं आतड्यात उतरतं. थोड्या स्निग्ध पदार्थांना ते पुरतं. एकदम खूप तूप-तेल आलं की पुरत नाही. शिवाय रिकाम्या पोटीही पित्त आतड्यात येत असल्याने काहींना सकाळी किंवा जेवल्या जेवल्या पातळ शौचाला होतं. बहुतेकांचं काही आठवड्यांत आपोआप सुरळीत होतं.

धावायला किंवा जिमला जाणाऱ्यांना याचा त्रास रस्त्यात होतो, म्हणून आधीच आखणी करा. मोठं जेवण आणि व्यायाम यात दोन-तीन तास असू द्या. पहाटे जाणार असाल तर उपाशी पोटी कडक कॉफी न घेता पिकलेलं केळं अर्धं किंवा दोन टोस्ट. शेंगदाण्याचे लाडू, बटर घातलेलं काही, तर्री मारलेली मिसळ हे गडावर जाण्याआधी नको. येतानाही पहिल्या वेळी अर्धीच प्लेट. दिवसातून तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच लहान खाणी, त्यात प्रत्येक वेळी एखादा चमचा तूप-तेल चालतं. स्निग्ध पदार्थ कायमचे बंद करायची गरज नाही. नवा पदार्थ एका वेळी एकच सुरू करा, म्हणजे कशाने बिघडलं ते कळतं. ओट्स, इसबगोल, भोपळा, सफरचंद यांतला विरघळणारा चोथा पातळपणा कमी करतो. महिना-दीड महिन्यानंतरही जुलाब थांबले नाहीत तर डॉक्टरांना सांगा. पित्ताला बांधून ठेवणारं कोलेस्टायरामीनसारखं औषध यावर मिळतं. "पिशवी काढली म्हणजे असं होणारच" म्हणून वर्षानुवर्षं सोसणारे लोक भेटतात, त्याची काही गरज नसते.

उपवासाला बंदी नाही, पण दिवसभर काही न खाता रात्री साबुदाण्याची खिचडी आणि तळलेले पापड हा प्रकार पहिले दोन महिने टाळा. वजन कमी करायचं असेल तर आठवड्याला अर्धा ते एक किलो पुरे. झपाट्याने वजन उतरवणं हे पित्ताचे खडे होण्याचं एक ओळखीचं कारण आहे, आणि पिशवी नसली तरी पित्तनलिकेत क्वचित खडा होऊ शकतो.

कधी थांबायचं आणि फोन करायचा

पुढचं काहीही झालं तर व्यायाम बाजूला ठेवा आणि सर्जनला त्याच दिवशी गाठा:

- ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर, किंवा थंडी वाजून ताप
- डोळे पिवळे, लघवी गडद, शौचाचा रंग पांढुरका
- कमी होत आलेलं पोटदुखणं पुन्हा वाढणं, पोट फुगणं, उलट्या न थांबणं
- जखमेतून पू, हिरवट-पिवळा स्राव किंवा रक्त
- एकाच पायाची पोटरी सुजणं-दुखणं

अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर फोनाफोनीत वेळ घालवू नका, सरळ जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा.

काविळीबद्दल थोडं ठासून सांगायला हवं. ऑपरेशननंतर डोळे पिवळे झाले तर नलिकेत खडा अडकलाय का, पित्त आत गळतंय का, नलिकेला इजा झालीय का, हे तपासायचं असतं. गळ्यात माळ घालून किंवा नाकात थेंब टाकून यातलं काहीच सुटत नाही, उलट मोलाचे दिवस जातात.

आणखी एक प्रकार उशिरा येतो. सगळं छान चाललेलं असताना तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर एखाद्या भोकाच्या जागी कडक गाठ होते, फुटते, पाणी येत राहतं. नेहमीच्या अँटिबायोटिकने ते तेवढ्यापुरतं थांबतं आणि पुन्हा सुरू होतं. क्षयरोगाच्या जंतूंच्या कुळातले पण क्षय न करणारे जंतू यामागे असू शकतात. अशा वेळी गोळ्या बदलत बसण्यापेक्षा स्राव कल्चरला, म्हणजे त्यातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला, पाठवायला सांगा. उपचार लांबतो, पण बरा होतो.

पोट उघडून ऑपरेशन झालेल्यांसाठी वेळ लांबतो. चालणं पहिल्या दिवसापासून तसंच. नेहमीच्या कामाला सहा ते आठ आठवडे धरा, धावणं-सायकल त्यानंतर, आणि जड वजनं तीन महिन्यांच्या आधी नाहीत. उजव्या बरगडीखाली बधिरपणा बरेच महिने राहतो. छेद घेताना कातडीच्या बारीक नसा कापल्या जातात, म्हणून तसं होतं.

काहीजण विचारतात, आत क्लिप राहिल्यात, त्या व्यायामाने निसटतील का? पित्ताशयाच्या नळीला लावलेल्या या क्लिप बहुधा टायटॅनियमच्या असतात आणि काही आठवड्यांत त्यांच्याभोवती ऊती भरून येतात. धावण्याने त्या निघत नाहीत. पुढे एमआरआय करायची वेळ आली तर तपासणीआधी सांगा, टायटॅनियमच्या क्लिपने सहसा अडचण येत नाही.

वर्ष-दोन वर्षांनीही बेंबीपाशी मऊ गोळा जाणवला, उभं राहिल्यावर दिसतो आणि आडवं झाल्यावर आत जातो असं असेल, तर तो पोर्टचा, म्हणजे दुर्बिणीच्या भोकाच्या जागचा, हर्निया असू शकतो. तो दुखत नसला तरी वजन उचलणं थांबवून सर्जनला दाखवा. जाताना सकाळी न जाता, दिवसभर हिंडून-फिरून झाल्यावर संध्याकाळच्या ओपीडीला जा. लहान गोळा तेव्हा नीट हाताला लागतो. आणि तो गोळा अचानक कडक झाला, आत जाईना, दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, तर ओपीडीची वाट न पाहता इमर्जन्सीत जा.